एक नदी धरा आणि तिच्याच काठानं जा : फ्रान्समधल्या सायकलवाटांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी लुआर नदीच्या काठानं केलेल्या सायकल प्रवासाबद्दल दोन पानं लिहिली आणि तेव्हापासून पत्रं, फोन, व्हॉट्सअ‍ॅप चालूच आहेत. पोवई नाक्यावर चहाला थांबलो तरी कुणीतरी गाठतंच आणि विचारतं की व्हिसाचं कसं करायचं, भाषा येत नाही मग अडतं का, सायकल इथून न्यायची का तिकडं भाड्यानं घ्यायची. प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं काही जमेना म्हणून यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच छापत नाही, फक्त गाव दिलंय.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालो, वय ६३. मी आणि सौ. रोज सकाळी रहिमतपूर रोडला पंधरा-वीस किलोमीटर सायकल चालवतो, निवांत. आयुष्यभर मुलांना फ्रान्सचा इतिहास शिकवला, ते राजवाडे एकदा डोळ्यांनी बघायचेत. मुलगा म्हणतो बसच्या टूरनं जा. सायकलवर आम्हाला जमेल का? – कोरेगाव

गुरुजी, जमेल. आणि तुमच्यासारख्या माणसानं तर सायकलनंच जावं असं मी अगदी मनापासून सांगतो, कारण बसवाले तुम्हाला राजवाड्याच्या पार्किंगमध्ये उतरवतात आणि दीड तासानं परत गोळा करतात, पण तो राजवाडा तिथंच का बांधला, त्याचा दगड कुठून आला, नदी किती लांब आहे, गाव कुठं आहे हे काही कळत नाही. ते सायकलवरच कळतं.

लुआर ही फ्रान्समधली सगळ्यात लांब नदी, हजार किलोमीटरच्या वर. तिच्या काठानं सायकलसाठी बांधलेला आणि पाट्या लावलेला रस्ता आहे, ‘लुआर आ व्हेलो’ म्हणजे सायकलवरून लुआर, नव्हेरच्या जवळून निघतो तो थेट अटलांटिक समुद्रापर्यंत, साधारण ९०० किलोमीटर. तुम्ही सगळा करायचा नाही. तुम्ही फक्त ब्लुआ ते सोम्युर एवढाच तुकडा घ्या, आत-बाहेर जाऊन सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर होईल, त्याला चांगले नऊ-दहा दिवस द्या म्हणजे रोजचे पंचवीस-तीस पडतात, तेवढं तर तुम्ही आत्ताही चालवताच. रस्ता जवळपास सपाट, काही ठिकाणी नदीच्या बांधावरून, काही ठिकाणी गावातल्या छोट्या रस्त्यांवरून, काही ठिकाणी द्राक्षांच्या बागांमधून जातो. नदीकाठच्या या पट्ट्याला, सुली ते शालोनपर्यंत, युनेस्कोनं २००० साली जागतिक वारसा म्हणून घेतलंय. आपलं कास २०१२ ला पश्चिम घाटाबरोबर त्याच यादीत गेलं.

ब्लुआहून पहिल्या दिवशी शांबोरला जा. जंगलातून वाट आहे आणि त्या जंगलालाच ३२ किलोमीटरची भिंत आहे, राजाचं शिकारीचं रान होतं ते. पहिल्या फ्रान्स्वा राजानं १५१९ साली हा वाडा बांधायला घेतला, म्हणजे तेव्हा आपल्याकडं विजयनगरात कृष्णदेवराय राज्य करत होते असं वर्गात सांगता येईल. चारशेच्या वर खोल्या, आणि राजा स्वतः तिथं एकूण काही आठवडेच राहिला. पण तुम्ही सौ.ना घेऊन मधला जिना नक्की चढा. एकाच खांबाभोवती दोन जिने गुंडाळलेत, एकावर एक, आपण वेणी घालतो ना तसे. एकजण एका जिन्यानं आणि दुसरा दुसऱ्या जिन्यानं निघाला तर मधल्या खिडक्यांतून एकमेकांना दिसत राहतात, हात करता येतो, पण वर पोचेपर्यंत गाठ पडत नाही. मी आणि माझा मित्र तीनदा वरखाली केलं. पायऱ्यांचा दगड मधोमध झिजून बशीसारखा झालाय, त्यावर पाय ठेवला की किती माणसं येऊन गेली असतील ते तळपायालाच कळतं.

मग शोमाँ, मग आंबुआज. आंबुआजला लिओनार्दो दा विंची शेवटची तीन वर्षं राहिला, राजानंच बोलावून घर दिलं होतं, तिथंच २ मे १५१९ ला गेला. आंबुआजहून एक दिवस नदी सोडून शनाँसोला जाऊन या, तो वाडा शेर नावाच्या दुसऱ्या नदीवर पुलासारखा उभा आहे, खालून पाणी वाहतंय आणि वर दालन. पहिल्या महायुद्धात त्याच दालनात जखमी सैनिकांचं हॉस्पिटल होतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातला फ्रान्स आणि उरलेला फ्रान्स यांची हद्द शेर नदीतून जायची, त्यामुळं दालनाचं एक दार या बाजूला आणि दुसरं दार त्या बाजूला उघडायचं. तुम्ही राज्यक्रांती शिकवलीत म्हणून सांगतो, क्रांतीत शांबोरचं सगळं सामान विकून टाकलं पण शनाँसो वाचलं, त्याचं कारण असं सांगतात की आसपास कित्येक मैल नदी ओलांडायला तोच एक पूल होता.

पुढं तूर, व्हिलाँद्रीच्या बागा, शिनाँ. शिनाँच्या किल्ल्यात १४२९ साली जोन ऑफ आर्क पहिल्यांदा राजाला भेटली. आणि शिनाँ ते सोम्युरच्या मधे काँद नावाचं छोटं गाव लागतं, तिथं व्हिएन नदी लुआरला मिळते. गुरुजी, तिथं थोडा वेळ नुसते बसा. आपल्या माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर पायऱ्यांवर बसल्यावर जसं दोन रंगांचं पाणी काही अंतर वेगवेगळं वाहताना दिसतं, अगदी तसंच दिसलं मला तिथं आणि मला एकदम घरची आठवण आली. त्या पट्ट्यातला दगड पांढरा आणि मऊ, त्याला तुफो म्हणतात, सगळे राजवाडे त्याचेच. ज्या टेकड्यांतून तो काढला तिथं मोठमोठ्या गुहा राहिल्या आणि आता त्यांत लोक दारू साठवतात, अळिंबी पिकवतात, काहीजण तर समोर दार-खिडकी बसवून घर करून राहतात. बसमधनं हे दिसत नाही.

सायकली इथून नेऊ नका, ब्लुआला भाड्यानं घ्या. सौ.ना वाटलं तर बॅटरीची सायकल घ्या, त्यात कमीपणा काही नाही. तुमच्या बॅगा या हॉटेलातून त्या हॉटेलात पोचवणाऱ्या गाड्या असतात. दारावर ‘अक्वेय व्हेलो’ अशी पाटी असलेलं हॉटेल बघा, म्हणजे तिथं सायकल आत कुलपात ठेवायची सोय आणि पंक्चरचं सामान मिळणारच. थकलात तर नदीला समांतर रेल्वे आहे, तिथल्या साध्या पॅसेंजर गाड्यांत म्हणजे तेएरमध्ये सायकल चढवता येते, फक्त सीझनला जागा आधी बुक करावी लागते का ते स्टेशनवर विचारून घ्या. जायचं तर मे-जून किंवा सप्टेंबर. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, घाई करायला लागत नाही. एकच गोष्ट लक्षात ठेवा की वारा बहुतेक वेळा समुद्राकडून येतो, म्हणजे तुम्ही पश्चिमेला जाताना तो तोंडावर. सकाळी लवकर निघालात की बराच वाचतो.

मुलाला हे पान दाखवा.

आमच्या गावची बारा मोटेची विहीर तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही मागच्या लेखात ओझरतं लिहिलंत की फ्रान्समध्ये सतराव्या शतकातला कालवा आहे आणि त्याच्या काठानं सायकल चालवतात. तेव्हा पंप नव्हते, मग टेकडीवर पाणी चढवलं कसं? – लिंब

फार छान प्रश्न, आणि तो लिंबहून यावा याचा मला विशेष आनंद झाला.

तो कालवा म्हणजे ‘कनाल द्यु मिदी’. तुलूझहून निघून भूमध्य समुद्राजवळच्या ‘तो’ नावाच्या सरोवरापर्यंत, २४० किलोमीटर. करणारा माणूस प्येर-पोल रिके, धंद्यानं मिठावरचा कर गोळा करणारा अधिकारी, इंजिनिअर नव्हे. साल आपल्याला सहज लक्षात राहील असं आहे, महाराज आग्र्याहून सुटले ते १६६६, त्याच वर्षी चौदाव्या लुईनं कालव्याचा हुकूम काढला. आणि महाराज गेले त्याच १६८० साली रिकेही गेला, कालवा पुरा व्हायला काही महिनेच राहिले होते, १६८१ ला तो सुरू झाला.

आता पाण्याचं. पाणी वर चढवलंच नाही, तिथंच खरी हुशारी आहे. कालव्याला जो सगळ्यात उंच बिंदू ओलांडायचा होता, नोरूझ नावाचा, तो समुद्रसपाटीपासून १८९ मीटरवर. रिकेनं काय केलं तर त्याहून उंच असलेल्या काळ्या डोंगरातले ओढे अडवले, साँ-फेरेओलला मोठं धरण बांधलं आणि पाटानं ते पाणी नोरूझला आणून सोडलं, तिथून ते दोन्हीकडं आपोआप उतरतं, निम्मं अटलांटिककडं, निम्मं भूमध्याकडं. नाव वरखाली करायला दारं असलेल्या हौदांसारखे लॉक आहेत, बेझिएजवळ तर ते पायऱ्यांसारखे एकापुढं एक आहेत. तिथं काठावर बसून एक नाव खाली उतरताना बघितली, दार बंद, पाणी हळूहळू कमी, नाव भिंतीआड बुडत बुडत जाते, मग पुढचं दार उघडतं. विहिरीत बादली सोडल्यावर आपण वाकून बघतो ना तसं सगळी माणसं वाकून बघत होती.

सायकलसाठी सांगायचं तर तुलूझकडचे पहिले पन्नासेक किलोमीटर मस्त डांबरी, पुढं कच्ची वाट, झाडांची मुळं वर आलेली, बारीक टायरची रोड बाईक नेऊ नका, हात सुन्न होतात. वाटेत कार्कासोनचा दुहेरी तटबंदीचा किल्ला लागतो. कालव्याकाठची चिनाराच्या जातीची हजारो झाडं २००६ पासून एका बुरशीच्या रोगानं तोडावी लागलीयेत, नवी लावतायत, त्यामुळं काही ठिकाणी पूर्वीच्या फोटोतली सावली आता नाही, उन्हाळ्यात जाणार असाल तर हे धरून चाला.

वय २७, आठवड्यातून तीनदा कास. ८ दिवसांची सुट्टी आहे. पॅरिस, माँ व्हाँतू, आल्प द्युएझ आणि जमलं तर टूर द फ्रान्सचा एक टप्पा बघायचा असा प्लॅन केलाय. कसं बसवू? – कराड

दादा, बसवू नको. हा प्लॅन कागदावर बसतो, पायात बसत नाही. पॅरिस ते व्हाँतू साडेसहाशे किलोमीटरच्या वर, व्हाँतू ते आल्प द्युएझ पुन्हा दोन-अडीचशे, म्हणजे आठातले निम्मे दिवस रेल्वेत आणि सायकल खोलण्या-जोडण्यात जातील.

व्हाँतूचा डोंगर तेवढा घे. बेदुआँ गावात मुक्काम कर. तिथून माथा साधारण २१ किलोमीटर आणि चढ १६०० मीटर, साताऱ्याहून कासला आपण पाचशेच्या आसपास चढतो, म्हणजे एका दमात तीन कास. पहिले पाच-सहा किलोमीटर बागांतून सोपे जातात आणि पोरं तिथंच चुकतात, जोर लावून बसतात. मग एका वळणानंतर जंगल सुरू होतं आणि नऊ-दहा टक्क्यांचा चढ सुरू होतो तो शाले रेनारपर्यंत सुटत नाही, यवतेश्वरच्या घाटात जशी वळणावर जरा उसंत मिळते तशी इथं मिळतच नाही. शेवटचे सहा किलोमीटर उघडे, पांढरे दगड, वारा असा की सायकल धरून ठेवावी लागते. डोंगर उघडा का, तर शेकडो वर्षं तूलोंच्या गोदीतल्या जहाजांसाठी त्याचं लाकूड तोडलं, खालचं जंगल १८६० नंतर परत लावलेलं आहे. माथ्याच्या थोडं आधी टॉम सिम्पसन या ब्रिटिश सायकलपटूचं स्मारक लागतं, १३ जुलै १९६७ ला टूर द फ्रान्सच्या शर्यतीत तो तिथंच पडून गेला, उन्हाचा कडाका होता आणि अंगात उत्तेजक औषधही होतं. लोक तिथं पाण्याची बाटली, टोपी ठेवून जातात. मी थांबलो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ उतरून तिथल्या बाटल्या नीट सरळ करून ठेवत होते, एकेक, आणि काही न बोलता पुढं गेले.

एक दिवस बेदुआँकडून, एक दिवस ‘सो’ गावाच्या बाजूनं, ती बाजू सोपी आहे, लॅव्हेंडरच्या शेतांतून, जुलैत फुललेलं असतं. उरलेल्या दिवसांत व्हेझाँला रोमनांच्या गावाचे अवशेष बघ आणि पाँ द्यु गारच्या तीन मजली जलसेतूखालून सायकल ढकलत जा, ४९ मीटर उंच, दोन हजार वर्षांचा, नीम शहराला पाणी न्यायचा. उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा वारा सुटला तर त्या दिवशी वर जायचं नाही, हट्ट करायचा नाही. आल्प द्युएझची २१ वळणं पुढच्या खेपेला, ती कुठं जात नाहीत.

मला एकटीला जायचंय. घरचे नाही म्हणतायत. रस्ते सुरक्षित आहेत का? फलटण रोडला तर डंपर अंगावर येतात. – फलटण

ताई, रस्त्याच्या बाबतीत घरच्यांना सांगा की तिथं गाडीवाल्यानं सायकलला ओव्हरटेक करताना गावाबाहेर दीड मीटर आणि गावात एक मीटर अंतर सोडायचं हा कायदा आहे, आणि मी जिथं जिथं चालवली तिथं लोक तो पाळत होते. ट्रक मागं येऊन थांबतो, वळण संपेपर्यंत हॉर्न न वाजवता मागं मागं येतो, पहिल्या दिवशी मलाच ओशाळल्यासारखं झालं आणि मी बाजूला उतरून उभा राहिलो. नकाशावर ‘डी’ अक्षर आणि पुढं आकडा असलेले रस्ते धरायचे, त्यातही आकडा जितका मोठा तितका रस्ता बहुतेक वेळा लहान आणि शांत. ‘एन’वाले मोठे रस्ते टाळायचे.

नियम मात्र पक्के करून जा. तिकडं उजव्या बाजूनं चालवतात, आणि चूक दिवसा गर्दीत होत नाही, सकाळी मोकळ्या गावातून पहिलं वळण घेताना होते, आपला हात आपोआप डावीकडं जातो. मी पहिले तीन दिवस हँडलला उजवीकडं लाल रिबन बांधली होती. दुसरं म्हणजे गावात जिथं काही पाटी नाही तिथं उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो अगदी बोळातून आला तरी. पिवळ्या चौकोनाची, कोपऱ्यावर उभी केलेली पाटी दिसली की आपला रस्ता पहिला. गोल सर्कलमध्ये आत असलेल्याला आधी. कानात इअरफोन घालून सायकल चालवायला बंदी आहे, दंड होतो. रात्री किंवा धुक्यात गावाबाहेर चमकणारं जॅकेट घालणं सक्तीचं, लाईट आणि घंटी तर हवीच. अडचणीत ११२ लावा.

आमच्या ग्रुपमधली एक डॉक्टर मैत्रीण एकटी बारा दिवस फिरून आली, ती गावागावांतल्या नगरपालिकेच्या कॅम्पिंगमध्ये राहायची, स्वस्त आणि कुटुंबं भरपूर असतात. तिनं एक सांगितलं ते मलाही पटलं, दुकानात शिरताना आधी ‘बोंजूर’ म्हणायचं, मग काय हवं ते. तसंच सरळ मागितलं तर लोक तुटक वागतात, बोंजूर म्हटलं की वेगळीच माणसं होतात. घरच्यांना रोज संध्याकाळी लोकेशन पाठवत जा, आईला झोप लागेल.

आम्ही शुद्ध शाकाहारी. खायचं काय? आणि पाणी विकतच घ्यायचं का? – वाई

पाण्यापासून सुरू करतो कारण त्यात मी एकदा चांगलाच अडकलो होतो. सोमवार होता, तिकडं खेड्यात रविवारी दुपारपासून सोमवारपर्यंत बरीच दुकानं बंद असतात, दोन गावं गेली, एक शटर उघडं नाही, बाटलीत घोटभर पाणी, डोक्यावर ऊन. तिसऱ्या गावात एक आजी फुलांची कुंडी घेऊन चालल्या होत्या, त्यांना रिकामी बाटली दाखवली तर त्यांनी हातानं या म्हणून खूण केली आणि मला गावाच्या स्मशानात घेऊन गेल्या. मी दारातच थबकलो, आपल्याला ते कसं वाटणार. आत भिंतीला नळ, शेजारी खिळ्याला हिरव्या झाऱ्या टांगलेल्या, लोक थडग्यांवरच्या फुलांना पाणी घालायला येतात म्हणून प्रत्येक स्मशानात नळ असतोच. आजींनी आधी माझी बाटली भरली, मग आपली झारी. तेव्हापासून मी नकाशात चर्चचा कळस शोधतो, स्मशान आसपासच असतं. फक्त नळावर ‘नों पोताब्ल’ लिहिलेलं असेल तर ते प्यायचं नाही.

खाण्याचं म्हणाल तर सकाळी बेकरी, म्हणजे बुलाँजरी, सात-साडेसातला गरम पाव. बागेत कुठल्या तरी बाकावर पाव, टोमॅटो, फळं, झालं जेवण. चीज खाणार असाल तर एक माहीत असू द्या, तिथली बरीचशी पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं जमवतात, ज्यांना ते चालत नाही त्यांनी विचारून घ्यावं. हॉटेलचं स्वयंपाकघर दुपारी बारा ते दोनच चालू, सव्वादोनला गेलात तर उपाशी. ब्रिटनीकडं गालेत मिळतं, ते कुट्टूच्या पिठाचं असतं, उत्तरेकडं उपासाला खातात तेच, दिसायला मोठ्या घावनासारखं, ते मागताना ‘साँ झांबों’ म्हणायचं म्हणजे हॅम नको.

इथून दाण्याची चटणी, मेतकूट, भडंग न्या. कंदी पेढे मात्र नेऊ नका, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. वाईट वाटतं, पण विमानतळावर काढून टाकतील.

दोन २०० आणि एक ३०० ची बीआरएम झालीये. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस २०२७ डोळ्यापुढं आहे. साताऱ्यात राहून तयारी होईल का? – सातारा, शाहूपुरी

होईल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, आकडा किलोमीटरचा, आणि पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १८९१ साली सुरू झालेली, पॅरिसजवळून निघून ब्रेस्ट बंदरापर्यंत जाऊन परत यायचं, १२०० किलोमीटर, ९० तासांत, झोप त्यातच. पहिल्या वेळी चार्ल्स तेराँ ७२ तासांच्या आत परतला होता, तेव्हाच्या सायकलवर. आता दर चार वर्षांनी होते, शर्यत नाही, नंबर नाहीत. २०१९ ला आपल्या देशातनं शेकडो जण गेले होते. पात्र व्हायला त्याच वर्षात २००, ३००, ४०० आणि ६०० च्या बीआरएम वेळेत पूर्ण कराव्या लागतात, अनुक्रमे साडेतेरा, वीस, सत्तावीस आणि चाळीस तास. आदल्या वर्षी जितकी लांब बीआरएम केलेली असेल तितकं नाव नोंदवायला लवकर मिळतं, म्हणून २०२६ मध्येच ६०० करून टाक.

तयारीत आपले सातारकर एक चूक करतात ती म्हणजे घाटच घाट. पसरणी, यवतेश्वर, खंबाटकी. तिकडं मोठा घाट नाहीच, पण रस्ता सतत वरखाली, चढ संपतो न संपतो तोच उतार आणि परत चढ, सगळा मिळून १२,००० मीटरच्या आसपास होतो. त्याला कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, म्हसवड असा माणदेशाचा रस्ता चांगला, तोही रात्रीचा. थंडीची पण सवय कर, ऑगस्ट असला तरी ब्रिटनीत पहाटे बोटं बधिर होतात, ब्रेक दाबला का नाही कळत नाही. डिसेंबरात पहाटे तीनला महाबळेश्वर चढून उतरून ये, अंदाज येईल.

आणि तिथं गावकरी रात्री दोन वाजता दारात टेबल टाकून कॉफी घेऊन उभे असतात, पोरं बाटल्या भरून देतात, पैसे घेत नाहीत. पालखीच्या वाटेवर आपली माणसं वारकऱ्यांना जसं पाणी देतात, तसं. थांब, दोन मिनिटं घालव. तेवढ्यानं ९० तास बिघडत नाहीत.

सायकल विमानातून कशी न्यायची? – मिरज, इस्लामपूर आणि आणखी सहा जण

सायकलच्या दुकानातनं रिकामा पुठ्ठ्याचा खोका मागून घ्या. पेडल काढा, डावं उलट्या आट्याचं असतं हे विसरून पाना तोडू नका. पुढचं चाक काढल्यावर फोर्कच्या दोन टोकांत प्लास्टिकचा ठोकळा बसवा, नाहीतर दाबून वाकतं. मागचा डिरेल्युअर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, सोडवून फोममध्ये गुंडाळून फ्रेमच्या आत बांधा. हे मी पहिल्या वेळी केलं नव्हतं, खोका उतरवताना आदळला आणि तो ज्यावर बसतो तो हँगर वाकला, सगळ्यात मोठ्या गिअरला चेन स्पोकमध्ये जायची, दीड दिवस गेला. आपल्या फ्रेमचा हँगर जादाचा एक सोबत ठेवाच, तिकडच्या दुकानात नेमका तोच मिळत नाही. बॅटरीचे लाईट आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत.

व्हिसा शेंगेनचा, १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत, अर्ज जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. मोठ्यांची फी ९० युरो आणि किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. रोज कुठून कुठं आणि कुठं मुक्काम याचा एक साधा तक्ता जोडा.

मी अकरावीत आहे. भावाची जुनी सायकल आहे, गिअर नाहीत. फ्रान्सला काही जाता येणार नाही, पण तुम्ही म्हणता तसं नदीकाठानं जायचंय. इथं जमेल? – पाचवड

बाळा, तू ज्या नदीजवळ राहतेस ती काय कमी आहे का. रविवारी उजाडताच भावाला घेऊन निघ, आधी चेनला तेल घाल, दोन्ही चाकांत हवा भर, ब्रेक शू झिजलेत का बघ. पाचवडहून वाई दहा-बारा किलोमीटर, गिअर लागत नाहीत. उसाचा हंगाम असला तर ट्रॉल्या सुरू व्हायच्या आत वाईत पोच. गणपतीच्या घाटावर जरा थांब आणि मग कृष्णेच्या काठानं मेणवलीला जा, नाना फडणवीसांच्या वाड्यामागं घाट आहे, तिथं एका छोट्या देवळात मोठी घंटा टांगलीये. ती वसईच्या पोर्तुगीज चर्चमधली, चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतली तेव्हाची. जवळ जाऊन बघ, तिच्यावरची उठावाची नक्षी बोटानं चाचपून बघ. मग तशीच पुढं धोमपर्यंत जा.

परत आलीस की काय काय दिसलं ते लिहून पाठव, पुढच्या अंकात जागा ठेवतो.